व्होडव्हिल थिएटरचा मालक करायचा तरी काय?

अमेरिकेत साधारण 1880 ते 1930 या काळात मध्यमवर्गीय आणि कामकरी माणसाची संध्याकाळची करमणूक म्हणजे व्होडव्हिल. एकाच तिकिटात आठ-नऊ वेगवेगळे खेळ. कसरतवाले, शिकवलेली कुत्री, गाणारी जोडी, वीस मिनिटांची नाटिका, जादूगार, नाच, एखादा हजरजबाबी विनोदवीर. एका खेळाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. सलग कथानक नाही, सूत्रधारही बहुधा नाहीच. कोणता खेळ चालू आहे ते रंगमंचाच्या कडेला लावलेल्या पाटीवरून कळायचं.

मराठी वाचकाला यातला व्यवहार पटकन उमगत नाही, कारण आपल्या रंगभूमीची घडी वेगळी होती. आपल्याकडे नाटक मंडळी बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायची. थिएटर भाड्यानं घ्यायची ती स्वतः, नाही तर कंत्राटदार ठरलेल्या रकमेवर अख्खी मंडळी उचलायचा. गल्ला बुडाला तर बुडायचा मंडळीचा किंवा कंत्राटदाराचा, थिएटरवाल्याला आपलं भाडं मिळालं की झालं. व्होडव्हिलमध्ये अशी मंडळी नसायचीच. थिएटरचा मालक सुटे सुटे खेळ आठवड्याच्या पगारावर आणायचा, त्यातून कार्यक्रम बांधायचा आणि तोटा झाला तर तो स्वतः सोसायचा. पुढच्या आठवड्यात सगळे खेळ नवे. म्हणजे वर्षाला चाळीस-पन्नास वेळा नवं दुकान मांडायचं आणि शनिवारी रात्री मोडायचं.

एवढं करूनही या मालकांपैकी बहुतेकांच्या हाती खरी सत्ता नव्हती. ती कुठे होती ते पुढे येईलच. आधी धंदा उभा कसा राहिला ते पाहू.

बायका-मुलं आली, तेव्हा धंदा झाला

1860-70 च्या दशकात अशा फुटकळ खेळांचे कार्यक्रम दारूच्या गुत्त्यांना जोडून चालत. गिऱ्हाईक फक्त पुरुष, विनोद कमरेखालचे, आणि खरी कमाई ग्लासावर. न्यूयॉर्कच्या टोनी पास्टरला एक सरळ हिशेब सुचला. पुरुष एकटा आला तर एक तिकीट जातं, कुटुंब घेऊन आला तर चार जातात. 1881 मध्ये त्यानं चौदाव्या रस्त्यावर टॅमनी हॉलच्या इमारतीत थिएटर सुरू केलं. तिथे अश्लील काही चालायचं नाही हा नियम. बायकांना ओढण्यासाठी तो शिलाई मशीन, कपड्यांचे नमुने, पीठ, कोळसा असल्या बक्षिसांची जाहिरात करायचा. बक्षिसं घरखर्चातली आहेत हे लक्षात घ्या. घरातून बाहेर पडायचं की नाही हे कोण ठरवतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

हेच गणित मोठ्या भांडवलावर मांडलं ते बी. एफ. कीथनं. मूळचा सर्कशीत वावरलेला माणूस. 1883 मध्ये बॉस्टनला त्यानं चमत्कारिक वस्तूंचं छोटं संग्रहालय काढलं. त्यात मुख्य आकर्षण काय, तर अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक इवलीशी मुलगी. 1885 च्या जुलैपासून त्यानं 'अखंड प्रयोग' सुरू केले. सकाळी थिएटर उघडायचं ते रात्री साडेदहापर्यंत. कधीही या, कधीही बसा, आपण आलो तेव्हाचा खेळ पुन्हा आला की उठा. फायदा असा, की बाहेरून जाणाऱ्याला आत नेहमी काहीतरी चालू आहे आणि गर्दी आहे असं दिसायचं. अडचण अशी, की दहा सेंटांत खुर्ची अडवून काही लोक दिवसभर बसायचे. शिवाय संध्याकाळी जेवणाच्या वेळेचा प्रयोग जवळजवळ रिकामा जायचा. तो वाटणीला येणं ही कलाकाराला शिक्षाच वाटायची.

1894 मध्ये कीथनं बॉस्टनला नवं थिएटर बांधलं, ते राजवाड्यासारखं. त्याची बॉयलरची खोलीसुद्धा इतकी लख्ख ठेवलेली, की ती पाहुण्यांना दाखवत. शिट्ट्या आणि पाय आपटणं बंद, टोप्या काढा अशा सूचना. पडद्यामागे कलाकारांसाठी पाट्या. शिवी तर सोडाच, पण साधी गावंढळ वाटेल अशी हाकही रंगमंचावर मारली तर करार रद्द. कलाकार मंडळी कीथच्या थिएटरांच्या साखळीला चिडून 'रविवारच्या शाळेची साखळी' म्हणत. मालकाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाद्री आणि आई दोघांनी हरकत घेतली नाही म्हणजे दुपारच्या खेळाला खुर्च्या भरतात, एवढं त्याला पुरे होतं.

सोमवार सकाळ

आठवडा सोमवारी सुरू व्हायचा. कलाकार रविवारी रात्रीच्या किंवा सोमवारी पहाटेच्या गाडीनं उतरत. सकाळी तालीम. पण ती खेळाची नव्हे, बँडची. प्रत्येक खेळाबरोबर त्याच्या संगीताची पुस्तकं असायची, प्रत्येक वाद्याचं वेगळं पुस्तक. ती रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पाददिव्यांपाशी ओळीनं मांडायची. ज्याची पुस्तकं आधी, त्याची तालीम आधी. या रांगेला आणखी एक अर्थ होता. दोघांनी तेच लोकप्रिय गाणं आणलं असेल तर आधी पुस्तकं ठेवणाऱ्याचा त्यावर हक्क. दुसऱ्यानं गुमान दुसरं गाणं काढायचं. म्हणून जाणती मंडळी सामान लॉजवर टाकायच्या आधी थिएटर गाठत.

मालकानं, किंवा साखळीतलं थिएटर असेल तर त्याच्या मॅनेजरनं, या वेळात चार गोष्टी बघायच्या. सगळे आले का. सगळ्यांच्या ट्रंका आल्या का. कोणाला कोणतं नेपथ्य लागतं. कोणाला किती जागा लागते.

ट्रंका हा मोठा घोर होता. कलाकार एका गाडीनं आणि त्याचे पडदे-कपडे दुसऱ्या गाडीनं, हे नेहमीचं. जादूगार वेळेवर हजर आणि त्याची पेटी दोनशे मैलांवरच्या जंक्शनात पडलेली. अशा वेळी जवळच्या एजंटाला तार किंवा फोन करून दुपारपर्यंत बदली खेळ मिळवायचा. मोठ्या शहरांत केवळ अशा बदलीवर पोट भरणारे कलाकार होते. लहान गावात बदली मिळाली नाही तर उरलेल्यांना पाच-पाच मिनिटं वाढवायला सांगायचं आणि बँडला एक जादा तुकडा वाजवायला लावायचा.

नेपथ्य थिएटरचंच असायचं. श्रीमंती दिवाणखाना, साधं स्वयंपाकघर, रस्ता, जंगल, बाग एवढे संच असले की नव्वद टक्के खेळ निभावत. रस्त्याच्या पडद्यावर रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या ही गावातल्या खऱ्या दुकानांची जाहिरात असायची आणि तिचे पैसे मालकाच्या खिशात जायचे.

दुपारी पहिला प्रयोग. मॅनेजर मागे घड्याळ घेऊन बसायचा. प्रत्येक खेळाला किती मिनिटं, रंगमंचाची किती खोली, टाळ्या कशा आणि कुठल्या वाक्याला कात्री, हे सगळं टिपायचं. कीथच्या साखळीत हा अहवाल दर आठवड्याला वरच्या कचेरीत जायचा. असे शेकडो अहवाल आयोवा विद्यापीठात जपलेले आहेत. भाषा अगदी कोरडी. खेळ चालतो का, पैशाला परवडतो का, पुन्हा बोलवावा का. प्रयोग संपला की कात्रीची चिठ्ठी कलाकाराच्या हातात. ऐकलं नाही तर संध्याकाळी त्याच्या जागी दुसरा.

नऊ खेळ कोणत्या क्रमानं?

या धंद्यातली खरी कारागिरी इथे आहे. क्रम चुकला तर तेच नऊ खेळ पडतात आणि क्रम बसला तर सुमार खेळही निभतात. क्रम ठरवताना दोन गणितं एकाच वेळी सोडवायची असत: प्रेक्षकाच्या मनाचं आणि पडद्यामागच्या सुताराचं.

सुताराचं आधी. रंगमंचाची खोली पट्ट्यांत मोजत. सगळ्यात पुढची पट्टी जेमतेम पाच-सात फुटांची, तिच्या मागे पडदा. एकटा गाणारा किंवा बोलणारा विनोदवीर या पट्टीत मावतो. नाटिकेला किंवा कसरतीला पूर्ण रंगमंच लागतो. पूर्ण रंगमंचाचे दोन खेळ लागोपाठ ठेवले तर मध्ये सामान हलवायला पाच-सात मिनिटं काळोख, आणि तेवढ्यात प्रेक्षक हातातून जातो. म्हणून पूर्ण रंगमंचाचा खेळ झाला की पडदा पाडायचा, पुढच्या पट्टीत विनोदवीर सोडायचा, आणि तो लोकांना हसवत असताना मागे सुतारांनी फ्लॅट (नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी) बदलायचे. हातोड्याचा आवाज पुढे गेला की विनोदवीराचा विनोद गेला. त्यामुळे तो सुतारांना चहापाण्याला काही देऊन खूश ठेवायचा.

आता प्रेक्षकाचं. पहिल्या क्रमांकाला मुका खेळ: कसरतवाले, सायकलवाले, जनावरं. कारण लोक अजून येत असतात, खुर्च्या आपटत असतात, बोललेलं कोणालाच ऐकू जाणार नसतं. दुसऱ्याला गाणारी जोडी, म्हणजे लोक हळूहळू स्थिरावतात. तिसऱ्याला छोटी विनोदी नाटिका. इथे पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकायची अपेक्षा. चौथ्याला चांगला दणका, पाचव्याला मोठं नाव किंवा भव्य नाच, आणि लगेच मध्यंतर. मध्यंतरात लोकांनी बाहेर जाऊन याच खेळाविषयी बोललं पाहिजे.

सहावा क्रमांक भरायला सगळ्यात अवघड. लोक परत येत असतात, पहिल्या क्रमांकासारखाच गोंधळ, पण आता मुका किंवा हलका खेळ लावला तर आधी चढवलेला रंग उतरतो. पाचव्यापेक्षा वरचढही नको, कारण पुढे आठवा आहे. सातव्याला पूर्ण रंगमंचाची नाटिका, बहुधा एखादा नावाजलेला नट. आठवा म्हणजे शेवटून दुसरा. ही मानाची जागा. लोक ज्याच्यासाठी आलेत तो इथे, आणि तो बहुधा एकटा विनोदवीर किंवा गायिका असल्यानं पुढच्या पट्टीत मावतो. मागे नवव्या खेळाची मोठी मांडणी तोवर उभी राहते. नववा पुन्हा डोळ्यांना दिपवणारा: झोपाळ्यावरचे कसरतवाले किंवा जनावरांचा मोठा ताफा. लोक कोट घालत असतात, तेव्हा त्यांना ऐकवण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

क्रम छापून आल्यावर भांडणं ठरलेलीच. पोस्टरवरच्या नावाचा टाइप किती मोठा, कपडेपटाची खोली कोणती, दुसऱ्या क्रमांकावर का टाकलं. यात मालकाची सोमवारची दुपार जायची. आणि दुपारच्या प्रयोगात एखादा अनोळखी खेळ तुफान चालला, म्हणजे संध्याकाळी त्याला नंतरच्या, मानाच्या क्रमांकावर सरकवायचं आणि मोठ्या नावाची समजूत घालायची.

गल्ल्याचा हिशेब

मोठ्या साखळ्यांत दिवसाला दोन प्रयोग, दुपारी आणि रात्री. त्याखालच्या दर्जाच्या थिएटरांत तीन, चार, पाचसुद्धा. तिथे आठवडा दोन भागांत तुटायचा: सोमवार ते बुधवार एक संच, गुरुवार ते शनिवार दुसरा. तिकीट दहा, वीस, तीस सेंट.

समजा, एका मध्यम गावात 1,000 खुर्च्यांचं थिएटर आहे. आकडे समजण्यापुरते धरलेले, पण प्रमाण त्या काळाला धरून. दिवसाला 3 प्रयोग, आठवड्याचे 6 दिवस, म्हणजे 18 प्रयोग. सरासरी तिकीट 15 सेंट. दर प्रयोगाला निम्म्या खुर्च्या भरल्या तर 75 डॉलर, आठवड्याला 1,350.

आता खर्च. अशा लहान थिएटरात खेळ पाचच धरू, त्यांचे पगार मिळून 500. पाच जणांचा बँड 150. रंगमंचाचे चार कामगार 100. तिकीटबारी, दारवान, झाडूवाले 100. फिल्मचं भाडं 50. छपाई आणि वर्तमानपत्र 100. वीज, कोळसा 75. कर्जाचा हप्ता आणि कर 150. बेरीज 1,225. हातात राहिले 125 डॉलर.

आता दर प्रयोगाला 100 माणसं कमी झाली, नुसत्या एका पावसाळी आठवड्यामुळे, तर गल्ला 1,080 वर येतो आणि मालक 145 डॉलर घालतो. 100 वाढली तर 395 डॉलर सुटतात. खर्चाचा आकडा मात्र जागचा हलत नाही, कारण बँडवाल्यांची आणि रंगमंच कामगारांची संघटना होती. कामगारांची 1893 पासून, वादकांची 1896 पासून. प्रेक्षक कमी म्हणून सुतार कमी, असं चालायचं नाही. कमी करता येण्यासारखी ओळ एकच, खेळांच्या पगाराची. व्होडव्हिलमधली सगळी भांडणं या एका ओळीवर झाली.

छोट्या युक्त्या होत्या. दुकानांच्या काचांवर पोस्टर लावू दिलं की दुकानदाराला फुकट पास. पास द्यायचे ते मंगळवार-बुधवारचे, तशाही रिकाम्या जाणाऱ्या खुर्च्यांचे. काही राज्यांत रविवारी करमणुकीला बंदी होती. तिथे मालक 'भक्तिसंगीताची बैठक' जाहीर करायचा आणि तेच विनोदवीर रंगभूषा न करता, साध्या कपड्यांत उभे करायचा. पोलीस कधी काणाडोळा करायचे, कधी करायचे नाहीत.

उन्हाळा मात्र कोणालाच सुटला नाही. वातानुकूलन नव्हतं, जुलैमध्ये बंद थिएटरात कोण बसणार? म्हणून बरीच थिएटरं उन्हाळ्यात बंद राहत. न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बापलेकांनी व्हिक्टोरिया थिएटरच्या गच्चीवर बाग करून तिथे खेळ लावले. विली हॅमरस्टीनबद्दल असं सांगतात, की वर जाणारी लिफ्ट तो मुद्दाम तापवून ठेवायचा, म्हणजे गच्चीवर पाऊल टाकताच लोकांना गार वाटायचं.

बुकिंग: खरी सत्ता इथे

आठवड्याला नऊ खेळ, तेही दर आठवड्याला नवे, एकट्या मालकानं मिळवायचे कुठून? आणि कलाकारानं तरी ओहायोतल्या एका गावात एका आठवड्यासाठी का यावं, पुढचा आठवडा जवळपास मिळणार नसेल तर? रेल्वेचं भाडं त्याच्या पदरचं. त्याला हवी असते सलग तीस-चाळीस आठवड्यांची साखळी, एकेक रात्रीच्या प्रवासावरची गावं. ही साखळी जो जुळवतो तो दोघांनाही लागतो, मालकाला आणि कलाकारालाही. तीच बुकिंग कचेरी.

कीथ आणि त्याचा उजवा हात एडवर्ड आल्बी यांना हे इतरांच्या आधी कळलं. 1900 मध्ये पूर्वेकडच्या मोठ्या मालकांनी संघटना केली. 1906 मध्ये युनायटेड बुकिंग ऑफिस उभं राहिलं. कलाकाराच्या पगारातून 5 टक्के कचेरीचे, आणखी 5 टक्के त्याच्या एजंटाचे. एजंटाचे पैसेसुद्धा कचेरीच्याच वसुली कंपनीमार्फत जात आणि त्यातला निम्मा वाटा ती ठेवून घेई. थिएटरचा मालकही कचेरीला वेगळी फी देई, जी वरच्या हिशेबात आपण धरलीच नाही. म्हणजे खेळ पडला तर नुकसान मालकाचं, आणि खेळ चालो वा पडो, कमिशन आल्बीचं. साऱ्या व्होडव्हिलमध्ये जोखीम नसलेली खुर्ची हीच एक होती.

कराराची कलमंही कचेरीच्या सोयीची. पहिल्या प्रयोगानंतर मॅनेजरला खेळ रद्द करता यायचा. आसपासच्या प्रतिस्पर्धी थिएटरात अमुक काळ काम करायचं नाही असं बंधन. आणि बाहेरच्या मालकाकडे काम केलं की काळ्या यादीत नाव. बाहेरच्या मालकाला मग चांगले खेळ मिळायचे बंद. इमारत कितीही देखणी असो, त्याच्याकडे उरायच्या नुसत्या खुर्च्या.

याचं सर्वांत ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर. ते बांधायला काढलं मार्टिन बेकनं, पश्चिमेकडच्या ऑर्फियम साखळीच्या सूत्रधारानं. पण न्यूयॉर्कमध्ये खेळ मिळायचे तर कचेरीशी जुळवून घेणं भाग. 24 मार्च 1913 ला पॅलेस उघडलं तोवर त्यातला मोठा हिस्सा कीथ-आल्बींकडे गेला होता. त्या भागात कीथच्या बुकिंगचा हक्क आधीच हॅमरस्टीनना दिलेला होता, तो परत घ्यायला सुमारे दोन लाख डॉलर मोजले गेले. विटा-मातीसाठी नव्हे, तर खेळ मागवायच्या परवानगीसाठी. सुरुवातीचे आठवडे पॅलेसही रखडत चाललं. मे महिन्यात फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आली तेव्हा गाडी रुळावर आली. पुढे कचेरीही त्याच इमारतीत होती.

कलाकार गप्प बसले नाहीत. 1900 मध्ये त्यांनी 'व्हाइट रॅट्स' ही संघटना काढली, 1901 मध्ये संप केला. मालकांनी कमिशन बंद करायचं तोंडी कबूल केलं आणि संप ओसरल्यावर विसरले. 1916-17 मध्ये पुन्हा संप झाला, तोही मोडला. आल्बीनं तोवर स्वतःच्या मर्जीतली दुसरी संघटना उभी केली होती आणि काम हवं तर तिचंच सभासद व्हा अशी अट घातली. 1918 मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानं मक्तेदारीची तक्रार नोंदवली, पण तिच्यातून काही निघालं नाही.

कचेरीबाहेरचे

सगळेच आल्बीला शरण गेले असं नाही. पश्चिम किनारा लांब होता, तिथे दुसरी साम्राज्यं उभी राहिली. अलेक्झांडर पॅन्टेजिस हा ग्रीसच्या अँड्रोस बेटावरचा. सोन्याच्या शोधात निघालेल्या झुंडीबरोबर कॅनडातल्या क्लोन्डाइकला गेला. पण सोनं खणण्यापेक्षा खणणाऱ्यांची करमणूक केलेली बरी हे त्यानं डॉसन सिटीत ओळखलं. 1902 मध्ये सिॲटलला क्रिस्टल नावाचं लहानसं थिएटर काढलं, तिकीट दहा सेंट. त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं असं म्हणतात. पण प्रेक्षकांत उभं राहून कुठला खेळ किती माणसं ओढेल हे त्याला बरोबर कळायचं. त्याची साखळी कॅनडापासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरली. थिएटरं बांधायला बी. मार्कस प्रिटेका हा तरुण वास्तुरचनाकार त्यानं धरला आणि अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याचा सिॲटलमधला प्रतिस्पर्धी जॉन कॉन्सिडाइन. यानं 1901 मध्ये शहराच्या माजी पोलीसप्रमुखाला एका औषधाच्या दुकानात गोळ्या घातल्या. खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. मग न्यूयॉर्कच्या टिम सलिव्हन या पुढाऱ्याच्या भांडवलावर त्यानं मोठी साखळी चालवली. दोघं एकमेकांचे खेळ पळवायचे. पुढे कॉन्सिडाइनच्या मुलाचं आणि पॅन्टेजिसच्या मुलीचं लग्न झालं.

कृष्णवर्णीयांची वाट आणखी अरुंद होती. मोठ्या थिएटरांत त्यांचा एका कार्यक्रमात बहुधा एकच खेळ घेत, आणि दक्षिणेत प्रेक्षक म्हणून त्यांना वरची गॅलरी व वेगळा जिना. म्हणून शिकागोत रॉबर्ट मॉट्सनं पेकिन थिएटर काढलं. वॉशिंग्टनला शेर्मन डडली हा स्वतः विनोदवीर असलेला माणूस थिएटरं घेऊन साखळी जुळवू लागला. 1920 च्या सुमारास थिएटरमालकांची टोबा ही बुकिंग संघटना आली. तिच्यात गोरे मालक बहुसंख्य, कृष्णवर्णीय थोडे. गाव तिथे काम मिळू लागलं खरं, पण पगार तुटपुंजा आणि कपडेपटाच्या खोल्या कशाबशा. टोबाच्या आद्याक्षरांचे कलाकारांनी लावलेले अर्थ छापण्यासारखे नाहीत.

आग

प्रत्येक मालकाला झोपेत सुद्धा भीती ती आगीची. रंगवलेलं कापड, लाकूड, दोरखंड आणि वर तापलेले कार्बनचे दिवे. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या प्रयोगाला असाच एक दिवा पडद्याला लागला. हे थिएटर व्होडव्हिलचं नव्हतं, पण धडा सगळ्यांना मिळाला. अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला. बाहेरची दारं कुठे कुलूपबंद, कुठे आत उघडणारी, कुठे पडद्यांमागे लपलेली. सुमारे 600 माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं फार. थिएटर नवंकोरं होतं आणि अग्निरोधक म्हणून त्याची जाहिरातही केली होती.

नंतर देशभर तपासण्या झाल्या. दारं बाहेर उघडणारी हवीत, आतून नुसत्या ढकलण्यानं उघडली पाहिजेत, दारांवर दिवा हवा, पडदा दररोज पाडून बघायचा. जुन्या इमारतींच्या मालकांना हा खर्च जड गेला आणि लहान लहान थिएटरं बंद झाली. दारं कुलूपबंद का ठेवत? फुकटे आत शिरू नयेत म्हणून. नुसत्या तिकिटाच्या पैशांसाठी.

फिल्म आत आली ती मालकांच्याच हातानं

29 जून 1896 ला कीथच्या न्यूयॉर्कमधल्या युनियन स्क्वेअर थिएटरात ल्युमिएर बंधूंचं हलती चित्रं दाखवणारं यंत्र अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलं गेलं. आठच दिवसांनी, 7 जुलैला, तेच चित्रदर्शन मुंबईत वॉटसन हॉटेलात झालं. अमेरिकेत फिल्म हा व्होडव्हिलमधला आणखी एक खेळ म्हणूनच आली. मालकाला तो परवडायचा. त्याला कपडेपट नको, ट्रंक हरवत नाही, टाइपच्या आकारावरून भांडत नाही.

वरच्या हिशेबात फिल्मचे 50 डॉलर आणि खेळांचे 500 आठवून पाहा. मार्कस लोव यानं हाच हिशेब उलटा मांडला. एक सेंट टाकून चालणाऱ्या करमणुकीच्या यंत्रांच्या आर्केडपासून सुरुवात करून त्यानं स्वस्त थिएटरांत फिल्म मुख्य आणि व्होडव्हिल जोडीला असा मेळ बसवला. 1924 मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर त्याच्याच कंपनीखाली आलं. 1920 च्या दशकात बाकीचेही त्याच वाटेनं गेले. आधी खेळ नवाचे सहा झाले, सहाचे चार, आणि उरलेली संध्याकाळ फिल्मची. 1927 नंतर फिल्म बोलू लागली, तेव्हा बँडही नको झाला. घरात रेडिओवर तेच विनोदवीर फुकट ऐकू येत होते ते वेगळंच.

शहाण्यांनी वेळेत विकलं. पर्सी विल्यम्सनं 1912 मध्येच आपली न्यूयॉर्कची थिएटरं कीथला विकून टाकली आणि मरताना लाँग आयलंडचं घर म्हाताऱ्या कलाकारांच्या आश्रमासाठी ठेवलं. मेणाचे पुतळे करण्यापासून सुरुवात केलेल्या सिल्व्हेस्टर पोलीनं न्यू इंग्लंडमधली साखळी 1928 मध्ये विकली. पॅन्टेजिसनं बरीच थिएटरं 1929 मध्ये विकली. त्याच वर्षी बलात्काराच्या आरोपात तो दोषी ठरला, पण 1931 च्या फेरखटल्यात सुटला. 1936 मध्ये तो वारला.

आल्बीनं विकलं नाही, त्याच्या हातून गेलं. 1928 मध्ये जोसेफ केनेडी यांच्या गटानं कीथ-आल्बी-ऑर्फियमचे शेअर उचलले. त्याच वर्षी आरकेओ ही चित्रपट कंपनी तयार झाली, आणि ज्या कचेरीनं बाकीच्यांना वीस-बावीस वर्षं नाचवलं होतं तिचा कारभार परक्यांकडे गेला. दीड वर्षात आल्बी वारला. 1932 मध्ये पॅलेसमधले दिवसाला दोन प्रयोगही संपले आणि तिथे चित्रपट लागले. पुढे तिथे संगीत नाटकं होऊ लागली. अलीकडे टाइम्स स्क्वेअरच्या तळमजल्याचं भाडं इतकं वाढलं, की खाली दुकानांना जागा व्हावी म्हणून ते अख्खं प्रेक्षागृह जॅक लावून सुमारे 30 फूट वर उचललं. 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं.